मागचं स्प्रॉकेट किती दात्यांचं? हब गिअरच्या सायकलचा हिशेब

माझ्या जुन्या सायकलचा तिसरा गिअर शोभेपुरता होता, हे कळायला मला सहा वर्षं लागली. आयुष्यभर खतावण्या लिहिल्यामुळे हात स्वस्थ बसत नाही. एकदा हँडलला कागदाची पट्टी चिकटवली आणि आठवडाभर प्रत्येक फेरीनंतर, जास्त वेळ ज्या गिअरमध्ये गेला त्याच्यापुढे रेघ मारली. पहिल्याला अकरा रेघा, दुसऱ्याला चोवीस, तिसऱ्याला चार. त्या चारही उतारावरच्या. थोडक्यात, सायकल तीन गिअरची, वापरात दोन. आणि चढावर पहिल्यापेक्षा हलकं काहीतरी हवंसं वाटायचं, ते नव्हतंच.

तुमच्याकडे हबच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, आत गिअर असलेली सायकल असेल तर आधी हेच करा. आठवडाभर रेघा मारा. आकडेमोड नंतर.

हब गिअरमध्ये आपल्या हातात फार थोडं असतं. पायऱ्यांमधलं अंतर कारखान्यात ठरून येतं, ते कुणालाच बदलता येत नाही. शिडी तयारच मिळते. ती भिंतीला वर टेकवायची की खाली, एवढंच आपण ठरवायचं. आणि ते ठरतं पुढच्या चेनव्हीलच्या (पेडलपाशी असलेलं दातेरी चाक) आणि मागच्या स्प्रॉकेटच्या (हबवरचं छोटं दातेरी चाक) दात्यांवर. पुढे ४६ आणि मागे १८ असतील तर ४६ भागिले १८, म्हणजे २.५६. याला मी मूळ गुणोत्तर म्हणते. हबच्या आतली सगळी गुणोत्तरं याच आकड्याला गुणतात.

माझ्या जुन्या सायकलचा हब स्टर्मी-आर्चरचा एडब्ल्यू. १९०२ साली नॉटिंगहॅममध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा हा सगळ्यात चिवट हब. कवचावर बनवल्याचं साल आणि महिना ठोकलेला असतो. माझ्यावर ७२ आणि ५ आहे. आतली रचना इतकी साधी, की गुणोत्तरं पाठ करावी लागत नाहीत. मधोमध आसाला पक्कं असलेलं २० दात्यांचं चाक, त्याभोवती फिरणारी २० दात्यांची छोटी चाकं, आणि या सगळ्यांना वेढणारी आतून दाते असलेली ६० दात्यांची कडी. ६० आणि २० मिळून ८०, ८० भागिले ६० म्हणजे चार तृतीयांश. तिसऱ्या गिअरमध्ये चाक १.३३ पट फिरतं. पहिल्यात तोच अपूर्णांक उलटा, ०.७५. दुसऱ्यात ही सगळी मंडळी मोकळी फिरतात आणि स्प्रॉकेटची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. याला डायरेक्ट गिअर म्हणायचं. आत दात्यावर दाता घासून जोर जात नसल्यामुळे हा गिअर सगळ्यात कमी जोर वाया घालवतो आणि शांत चालतो.

माझा सगळा हिशेब यावरच उभा आहे: ज्या वेगाने तुम्ही रोज सगळ्यात जास्त वेळ जाता, तो वेग डायरेक्ट गिअरमध्ये पडला पाहिजे. बरेच जण सगळ्यात वरचा गिअर किती पळेल ते आधी बघतात, आणि दुकानातून येणाऱ्या बऱ्याच सायकलींची जोडणीही तशीच असते. मला ते उलटं वाटतं. वरच्या गिअरवाचून कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. उतारावर पाय थांबवून बसलं की झालं.

तीन मोजमापं

पहिलं चाकाचं. टायरवर लिहिलेल्या इंचांवर विसंबू नका. ‘२६ इंची’ म्हणून विकली जाणारी चाकं वेगवेगळ्या मापांच्या रिमवर असतात. टायरमध्ये रोजच्याइतकी हवा भरा. सपाट फरशीवर वॉल्व्ह अगदी खाली आणा, तिथे खडूने रेघ मारा. मग सायकलवर बसा. हे महत्त्वाचं, कारण वजनाने टायर दबतो आणि घेर कमी भरतो. कुणीतरी शेजारून धरलं तर बरं, नाहीतर भिंतीला एक हात लावून हळूहळू पुढे सरकायचं. वॉल्व्ह तिसऱ्यांदा खाली आला की दुसरी रेघ. मधलं अंतर टेपने मोजून तीनने भागायचं. माझे ६ मीटर २१ सेंटिमीटर भरले, म्हणजे घेर २.०७ मीटर. एकाच फेरीवर मोजलं तर वॉल्व्ह नेमका खाली आला की नाही यात सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची चूक होते. तीन फेऱ्यांत ती वाटली जाते.

दुसरं पायांचं. नेहमीच्या सपाट रस्त्यावर, वारा नसताना, उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजा आणि चारने गुणा. ज्या लयीत दम लागत नाही आणि गुडघाही कुरकुरत नाही, ती लय तुमची. माझी ६५ ते ७०च्या मध्ये येते. शर्यतवाले ९०च्या गोष्टी करतात, तिकडे लक्ष द्यायचं कारण नाही.

तिसरं वेगाचं. साधा सायकल कॉम्प्युटर असला तर छान, नाहीतर माहितीतल्या अंतराला किती मिनिटं लागतात ते बघा. मी सपाटीवर ताशी १९ किलोमीटरने जाते. सरासरी काढताना थांबे धरू नका.

आता पेडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल किती मीटर पुढे जाते, ते काढायचं. मी त्याला मजल म्हणते. मजल म्हणजे मूळ गुणोत्तर गुणिले हबचं गुणोत्तर गुणिले चाकाचा घेर. आणि इथे एक सोय आहे, जी सापडल्यावर मला पैसे सापडल्यासारखा आनंद झाला होता: पायाची लय मिनिटाला ६७च्या आसपास असेल, तर मजलीच्या मीटरना चारने गुणलं की थेट ताशी किलोमीटर मिळतात. लय ६० असेल तर ३.६ने गुणा, ७५ असेल तर ४.५ने.

माझी सायकल घ्या. ४६ आणि १८. दुसऱ्या गिअरची मजल ५.२९ मीटर, म्हणजे माझ्या लयीत ताशी २१. तिसऱ्याची ७.०५, ताशी २८. पहिल्याची ३.९७, ताशी १६. माझ्या १९ किलोमीटरना दुसऱ्या गिअरमध्ये पाय मिनिटाला ६० फिरत होते, थोडे जड. तिसऱ्यात ४५. तिथे रेघा का नव्हत्या ते लक्षात आलं असेल. चढावर ताशी दहाने जायचं तर पहिल्या गिअरमध्येही पाय मिनिटाला बेचाळीस. म्हणजे जवळजवळ उभं राहून रेटायचं.

माझी घाई

हे आकडे दिसल्यावर शांतपणे उलटा हिशेब करायला हवा होता. पण चढाचा राग इतका होता, की मिळालं त्यातलं सगळ्यात मोठं, २२ दात्यांचं स्प्रॉकेट मी आणून बसवलं. मूळ गुणोत्तर २.०९ झालं. चढ सुधारला यात शंका नाही, पाय बेचाळीसवरून एक्कावन्नवर आले. आणि सपाटीची वाट लागली. दुसऱ्याची मजल ४.३३, तिसऱ्याची ५.७७. माझे १९ किलोमीटर या दोन्हींच्या मध्ये लटकले. दुसऱ्यात पाय ७३ने भिरभिरत होते, तिसऱ्यात ५५वर रुतत होते. एडब्ल्यूमध्ये दोन गिअरमधलं अंतर ३३ टक्के आहे. रोजचा वेग या दरीत पडला की दिवसभर खटक-खटक गिअर बदलत बसायचं आणि कुठेच बरं वाटायचं नाही. तीन आठवडे मी स्वतःलाच समजावत होते, की सवय होईल. नाही झाली.

मग उलटा हिशेब केला. १९ भागिले ४ म्हणजे हवी असलेली मजल ४.७५ मीटर. भागिले घेर २.०७, मूळ गुणोत्तर हवं २.२९. पुढचे ४६ दाते भागिले २.२९, उत्तर २०.०९. वीस दाते. दोन मिनिटांचं काम, ते मी तीन आठवडे उशिरा केलं.

वीसचं बसवल्यावर दुसरा नेमका १९वर आला, पहिला १४वर, तिसरा २५वर. चढावर ताशी दहाला पाय ४७. २२इतका आराम नाही, पण १८पेक्षा नक्कीच बरा. तीन गिअरच्या हबचा पल्ला, म्हणजे सगळ्यात खालच्या गिअरच्या तुलनेत सगळ्यात वरचा, जेमतेम १७८ टक्के. त्यात सपाटी आणि मोठा चढ दोन्ही खुश राहत नाहीत. तुमचा रस्ता सतत चढउताराचा असेल, तर स्प्रॉकेट बदलून फार काही साधणार नाही, जास्त पल्ल्याचा हबच लागेल.

बारीक फेरफार हवा असेल तर पुढचं चेनव्हील बदला. मागे एक दाता कमी-जास्त केला की पाच टक्क्यांचा फरक पडतो, पुढे एका दात्याने दोनच टक्क्यांचा.

आठ गिअर असतील तर

माझी दुसरी सायकल शिमानो नेक्सस आठची. तिची गुणोत्तरं खालून वर अशी: ०.५२७, ०.६४४, ०.७४८, ०.८५१, १, १.२२३, १.४१९, १.६१५. पल्ला ३०७ टक्के. पायऱ्या मात्र सारख्या नाहीत, हे ही यादी वाचताना पटकन लक्षात येत नाही. पहिला ते दुसरा २२ टक्क्यांची उडी, पाचवा ते सहावा पुन्हा २२ टक्क्यांची, बाकीच्या चौदा ते अठराच्या आत. पाचवा डायरेक्ट. म्हणून रोजचा वेग पाचव्यात बसवायचा, किंवा पाचव्याच्या किंचित वर. पाचव्या-सहाव्याच्या बरोबर मध्ये मात्र तो पडू द्यायचा नाही. याच घराण्यातल्या सात गिअरच्या हबला डायरेक्ट गिअर नाहीच, चौथा ०.९८९ आहे. तिथे चौथाच मधला धरून हिशेब करा.

या सायकलला पुढे ३८, मागे १८, घेर २.१७ मीटर. उलटा हिशेब केला तर उत्तर १७.४ दाते. सतरा घ्यावं की अठरा राहू द्यावं? अठरावर पाचवा ताशी १८ देतो आणि पहिल्याची मजल २.४१ मीटर आहे, ताशी दहाच्या खाली पायाची लय न मोडता चढता येतं. सतरा लावलं तर सपाटीला ताशी एखाद्या किलोमीटरचा फायदा आणि चढाला तोटा. मी काही केलं नाही. दोन आकड्यांमध्ये अडकलात तर जास्त दात्यांचं स्प्रॉकेट ठेवा, हा माझा साधा नियम आहे. म्हातारपण पुढेच येणार आहे, मागे जाणार नाही.

पल्ला मोठा तशी तडजोड कमी. रोहलॉफचा चौदा गिअरचा हब १९९८पासून आहे, ०.२७९ ते १.४६७, पल्ला ५२६ टक्के आणि प्रत्येक पायरी सारखीच, साडेतेरा टक्क्यांच्या जवळपास. डायरेक्ट गिअर अकरावा. पुढे ३८, मागे १६ आणि माझ्या आठ गिअरच्या सायकलीएवढंच चाक धरलं, तर पहिल्या गिअरमध्ये मजल १.४४ मीटर येते, ताशी पावणेसहा. त्याहून हळू गेलं तर तोल सांभाळणंच कठीण.

खाली जाण्याला एक हद्द असते, ती ओलांडू नका. मागचं स्प्रॉकेट मोठं केलं की हबच्या आत जाणारा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. ८० किलोचा माणूस १७ सेंटिमीटरच्या क्रँकवर (पेडलच्या दांडीवर) पूर्ण वजनाने उभा राहिला की पेडलपाशी सुमारे १३३ न्यूटन मीटर पीळ होतो. मूळ गुणोत्तर २ असेल तर त्यातला निम्मा, ६७, हबला मिळतो. गुणोत्तर १.५ केलं तर ८९. आतले दाते आणि खिट्ट्या त्यासाठी बनलेल्या नसल्या तर एके दिवशी तुटतात, आणि ते काम रस्त्याच्या कडेला होणारं नाही. बऱ्याच हबच्या माहितीपत्रकात सगळ्यात कमी चालेल असं गुणोत्तर दिलेलं असतं. वजनदार माणूस, मागे मूल किंवा सामान, जोडीची सायकल, यांतलं काही असेल तर त्या आकड्याच्या अगदी कडेला जाऊ नका.

सेकंडहँड हब घेताना डायरेक्ट गिअर कितवा आहे हे आधी बघा. ओळखीतल्या एकाने स्टर्मी-आर्चरच्या आठ गिअरच्या हबचं चाक हौसेने आणलं आणि जुन्याच ४६ आणि १८ला जोडलं. त्या हबमध्ये पहिला गिअरच डायरेक्ट आहे आणि तिथून सगळं वरच जातं, ३.२५ पटीपर्यंत. त्याच्या मोठ्या चाकावर सगळ्यात हलका गिअर साडेपाच मीटरचा झाला, आणि आठवा अठरा मीटरचा. माझ्या लयीत आठव्यात ताशी ७२! तो हब छोट्या चाकांच्या सायकलींना शोभतो. २० इंची चाक, घेर दीड मीटर, पुढे ३०, मागे २२, असं केलं तर सव्वादोन मीटरपेक्षा कमी मजलीपासून साडेसहाच्या पुढपर्यंत छान पसरतो.

बसवताना

स्प्रॉकेट तीन खाचांवर बसतं आणि त्याला एक गोल स्प्रिंगची कडी अडवते. पातळ स्क्रूड्रायव्हरने ती उचकटताना वर फडकं टाका. माझी पहिली कडी कपाटाखाली गेली, दिवाळीच्या सफाईपर्यंत सापडली नव्हती. स्प्रॉकेटला थोडा खोलगटपणा असतो. काढण्याआधी तो आत होता की बाहेर ते लिहून ठेवा, कारण उलटं लागलं की चेनची रेघ काही मिलिमीटरने हलते. जुन्या हबवर पातळ वॉशरही असतात, त्यांचा क्रमही लिहा. मागून एक डोळा मिटून बघितलं तर चेन सरळ दिसली पाहिजे.

चेनच्या लांबीचं गणित लोक उगाच अवघड करतात. एका दात्याच्या फरकाने मागचा आस सव्वातीन मिलिमीटर सरकतो. दाते वाढले तर पुढे, कमी झाले तर मागे. बरोबर चार दाते वाढवले तर चेनला एक जोडी, म्हणजे आतली आणि बाहेरची मिळून दोन कड्या, घालायची. आस जिथल्या तिथे राहतो. १८वरून २२वर जाताना मी हेच केलं होतं. नंतर २०वर आले तेव्हा तीच चेन ठेवली आणि चाक जवळजवळ साडेसहा मिलिमीटर मागे घेतलं. मागे सरकायला जागा आहे ना, ब्रेकशू रिमवर नीट बसतात ना, हे बघा. आस सरकण्यासाठी आडवी खाच नसेल तर चेन ताणणारी वेगळी चक्री लागेल. चेन मधोमध बोटाने वरखाली केली की सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर हलावी. क्रँक पूर्ण फिरवत तपासा, कुठेतरी एका जागी ती जास्त ताठ असतेच.

आस सरकला की गिअरची केबल पुन्हा लावावी लागते, निदान जुन्या तीन गिअरच्या हबला. हे विसरले आणि दुसऱ्याच दिवशी चढावर उभी राहून पेडल मारताना पेडल एकदम मोकळं फिरलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या मध्ये एडब्ल्यूमध्ये एक पोकळ जागा आहे, तिथे काहीच लागत नाही. गुडघा हँडलवर असा आदळला की हिरवं-निळं पंधरा दिवस राहिलं. लिव्हर दुसऱ्यावर ठेवा आणि उजव्या बाजूच्या लांब नटाच्या भोकातून आत बघा: बारीक साखळी जिथे दांडीला जोडते, तो खांदा आसाच्या टोकाशी बरोबर समतल हवा. बाहेर आला असेल तर केबल सैल करा, आत गेला असेल तर घट्ट. मग लिव्हर तिन्ही जागी फिरवून हातानेच पेडल ढकलून बघा, रस्त्यावर जाऊन नको. नेक्ससला हे सोपं आहे. लिव्हर चौथ्यावर ठेवायचा, हबपाशी दिसणाऱ्या दोन खुणा एका रेषेत आणायच्या.

नट पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर पुन्हा आवळा, चेनही थोडी सैल पडलेली असते.

ते २२चं स्प्रॉकेट मी टाकून दिलं नाही. कडीसकट तारेत ओवून हत्यारांच्या डब्यात ठेवलंय. मागे दोन भरलेल्या पिशव्या अडकवून डोंगराकडे जायचं असलं की आदल्या संध्याकाळी तेच चढवते. जास्तीची जोडी चेनमध्ये आहेच, त्यामुळे चाक साडेसहा मिलिमीटर पुढे ढकललं की काम झालं. तिकडे तसंही सपाटीवर १९ने जायची घाई नसते.